यार्डातला पोहा बंद करू नका : बाजार समितीच्या सभापती आणि संचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. सभापती, उपसभापती, सचिव आणि सर्व संचालक,
कृषी उत्पन्न बाजार समिती.

सप्रेम नमस्कार.

समितीचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. पत्र कोणाला आहे ते तुम्हाला दोन ओळींत कळेल. वऱ्हाडातल्या दुसऱ्या एखाद्या यार्डात असाच ठराव होऊ घातला असेल, तर तिथल्या लोकांनीही हे आपलं समजून वाचावं.

मागच्या आठवड्यात तूर घेऊन आलो तेव्हा नाश्त्याच्या शेडच्या खांबावर एक कागद चिकटवलेला दिसला. जागा विकासकामासाठी हवी आहे, १५ दिवसांत रिकामी करावी. खाली सही आणि गोल शिक्का. चौकशी केली तेव्हा कळलं की टिनाचा शेड पाडून रस्त्याच्या अंगाला १२ गाळे काढायचे, ते लिलावानं द्यायचे आणि त्यातल्या एकात 'फूड प्लाझा' येऊ द्यायचा, असा ठराव झाला आहे. शेडमध्ये पोहा करणाऱ्या बचत गटाच्या बायांना ही गोष्ट त्या कागदावरूनच समजली. त्यांच्यात ज्या सगळ्यांत वयस्क आहेत, ज्यांना अख्खा यार्ड माय म्हणतो, त्यांनी मला तो कागद वाचून दाखवायला सांगितला. मी वाचला. त्या म्हणाल्या, "पंधरा दिवसांत तं किराण्याची उधारीबी फिटत नाई, बाप्पा." आणि पुन्हा झारा हातात घेतला, कारण समोर वीस माणसं ताटकळत होती.

मी नऊ एकर कोरडवाहू शेतीवाला माणूस. सोयाबीन, तूर, पाणी राहिलं तर चणा. गाव यार्डापासून ३४ किलोमीटरवर. कापसाची एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस फक्त सरकारच घ्यायचं, त्या काळात वडलांसोबत बैलगाडीत बसून मी या गावात पहिल्यांदा आलो. गाड्यांची रांग इतकी लांब, की रात्र गाडीखालीच काढली. सकाळी वडलांनी मला याच जागेवर पोहा खाऊ घातला. तेव्हा इथे शेड नव्हता, कडुनिंबाखाली एक चूल होती. तो कडुनिंब रस्ता रुंद झाला तेव्हा गेला. चूल मात्र चाळीस वर्षांत कधी पूर्ण विझली नाही, या हातातून त्या हातात गेली. आता ती विझवायचं तुम्ही ठरवलं आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

संचालकांपैकी बरेच जण स्वतः शेतकरी आहेत. तरी यार्डात शेवटचे रिकाम्या पोटी कधी उभे राहिलात ते जरा आठवून पाहा. सोयाबीनच्या दिवसांत आमच्या घरी रात्री तीनला दिवा लागतो. कट्टे, म्हणजे मालाची पोती, आदल्या संध्याकाळीच गाडीत भरलेले असतात. घरची बाई म्हणते, भाकर बांधून देऊ का. आपण म्हणतो, राहू दे, यार्डात खाऊ. साडेपाचला फाटकावर रांग. नोंद झाली की अडत्याच्या ओट्यासमोर ढीग टाकायचा. तिथून पुढे वाटच पाहायची. हर्रास, म्हणजे मालाचा लिलाव, अकराच्या आधी होत नाही. त्यानंतर काटा, त्यानंतर पट्टी म्हणजे हिशेबाची पावती, आणि हंगामात आवक जास्त असली की काट्याला दिवे लागतात. म्हणजे रात्री तीनपासून संध्याकाळी सातपर्यंत माणूस उभा. त्यात ढीग सोडून कुठे जाता येत नाही. जनावरं तोंड घालतात, कोणी येता-जाता ओंजळ भरून घेतं, कोणाच्या गाडीचं चाक कडेच्या मालावरून जातं.

अशा वेळी ढिगापासून साठ-सत्तर पावलांवर, नजरेच्या टप्प्यात, पहाटे साडेपाचला कढई तापलेली असते. जाडा पोहा, मोहरी, मिरची, भाजलेले शेंगदाणे. वरून चण्याची गरम तर्री, कच्चा कांदा, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, लिंबाची फोड. १५ रुपये. तर्री पुन्हा मागितली तर तिचे पैसे नाहीत. हमालांसाठी चून-भाकर, म्हणजे पिठलं, ज्वारीच्या दोन भाकरी आणि ठेचा, २५ रुपये. चहा ७. बाहेर रस्त्यावरच्या हॉटेलात हाच पोहा ४० ला आहे आणि तर्री मोजून मिळते. हॉटेलवाल्याला मी दोष देत नाही, त्याचं भाडं तसं आहे. उद्या तुमच्या गाळ्यातल्या माणसाचं भाडंही तसंच असेल, म्हणून त्याचा पोहाही ४० च्या खाली येणार नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो, कारण माझं म्हणणं तिच्यातच आहे.

ऑक्टोबर २०२४. त्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. मी १४ क्विंटल घेऊन आलो होतो. सोबत वडील होते, वय ७१, शुगरचा त्रास. मालाजवळ बसायला कोणीतरी हवं म्हणून ते येतात, आणि खरं सांगायचं तर त्यांना यार्डात यायला आवडतंही. त्या आठवड्यात कोणी मोठे पाहुणे येणार म्हणून यार्डाची रंगरंगोटी चालली होती आणि शेड सहा दिवस बंद ठेवायला लावला होता. आम्हाला ते माहीत नव्हतं. वडलांनी सवयीप्रमाणे गोळी घेतली. खायला काही नव्हतं. साडेअकराला व्यापारी आमच्या ढिगाशी आले, ओलावा पाहिला, चालतो त्या बारा टक्क्यांपेक्षा एक टक्का जास्त दाखवला, आणि बोली ३,९५० वर थांबली.

मी नाही म्हणायला पाहिजे होतं. भाव पटला नाही तर माल न देण्याचा हक्क शेतकऱ्याचा आहे, तो कोणी काढून घेतलेला नाही. दुसऱ्या दिवशीच्या हर्रासापर्यंत थांबायची माझी तयारीही होती, ताडपत्री आणली होती. पण मागे वळून पाहिलं तर वडील ढिगाला टेकून बसलेले, कपाळावर घाम, हात थंडगार. मुनीमजींनी साखरेचा चहा आणि बिस्किटाचा पुडा दिला, त्यांचे उपकार विसरणार नाही. वडील सावरले. पण मला आता एकच सुचत होतं, की यांना घेऊन घरी जायचं. मी म्हटलं, तोला. दुसऱ्या दिवशी आमच्याच शिवारातला, आमच्याच मळणीयंत्रातून निघालेला शेजाऱ्याचा माल ४,१०० नं गेला. क्विंटलमागे १५० रुपये, १४ क्विंटलचे २,१००. १५ रुपयांच्या पोह्याच्या १४० प्लेटा होतात.

मायबापहो, यार्डातला स्वस्त नाश्ता म्हणजे आमच्यावर दया नाही आणि ती निव्वळ एक दुकानदारीही नाही. शेतकऱ्याला थांबता येतं ते पोटात काही असल्यावर. जो थांबू शकतो तोच पहिल्या बोलीला नाही म्हणू शकतो. व्यापारी घरून जेवून येतो, त्याला घाई नसते. हर्रासात समोरासमोर उभे राहणारे दोघे सारखे असावेत म्हणून बाजार समिती असते ना? मग त्यातल्या एकाला उपाशी उभं करून ती बरोबरी कशी राहील?

तुमच्या ठरावामागची जी कारणं कानावर आली, त्यांवर आता बोलतो.

शेडमध्ये घाण असते, असं पहिलं कारण. असते, मी नाकारत नाही. पण ती कशानं? शेडच्या मागची नाली दोन पावसाळ्यांपासून तुंबलेली आहे आणि ती समितीची आहे. शेडला दिलेला नळ गेल्या उन्हाळ्यात बंद पडला, तो अजून बंदच आहे. त्या बाया पहाटे हातगाडीवर कॅना लादून अर्धा किलोमीटरवरून पाणी आणतात, त्यातच रांधतात, त्यातच प्लेटा धुतात. महिन्याचं भाडं मात्र त्यांनी एकदाही चुकवलेलं नाही, पावत्या मी स्वतः पाहिल्या. भाडं घेणाऱ्यानं पाणी द्यायचं असतं. पाणी न देता घाणीचा ठपका ठेवणं मला अन्यायाचं वाटतं, आणि हा शब्द मी विचार करून लिहितो आहे.

दुसरं कारण एका संचालकांनी मला तोंडावर सांगितलं : "शिवभोजन आहे की बसस्टँडवर, तिथं जा." २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेली ती योजना चांगलीच आहे. १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. मी खाल्लं आहे आणि पोट भरलं आहे. पण ते दुपारचं जेवण आहे, थाळ्या ठरलेल्या असतात, आणि बसस्टँड यार्डापासून दोन किलोमीटर. ऐन हर्रासाच्या वेळी ढीग टाकून तिथल्या रांगेत कोण जाणार? पहाटे सहाची भूक दुपारच्या थाळीवर कशी भागेल? आणखी एक पाहा. ग्रामीण भागातली ती थाळी ३५ रुपयांची धरली होती. १० खाणाऱ्यानं द्यायचे, २५ सरकारनं. आमच्या शेडमधला पोहा कोणाकडून एक पैसा अनुदान घेत नाही. एका किलोत बारा-तेरा प्लेटा कशा बसवायच्या, चणा रात्री किती भिजवायचा, सिलिंडर किती दिवस पुरवायचा, या हिशेबावर त्या बायांनी १५ चा भाव धरून ठेवला आहे. तामिळनाडूत २०१३ पासून अम्मा उपाहारगृहांत १ रुपयाला इडली मिळाली, बेंगळुरूत २०१७ मध्ये इंदिरा कॅन्टीनचा नाश्ता ५ रुपयांत सुरू झाला. तिथे त्यासाठी सरकारांनी तिजोरी उघडली. इथे तुमच्याकडे तिजोरी कोणी मागत नाही. जागा आणि पाणी, बस.

"असल्या गोष्टी टिकत नाहीत, झुणका-भाकरीचं काय झालं ते पाहिलं ना," असंही ऐकलं. पाहिलं. १९९५ साली १ रुपयात झुणका-भाकर सुरू झाली आणि काही वर्षांतच आटोपली. ती वरून आली होती, वरचा हात निघाला आणि ती बसली. हा शेड कोणी वरून दिलेला नाही, तो खालून उभा राहिलेला आहे. आजवर टिकला, आणि आता जाईल तर तुमच्या ठरावानं जाईल.

उत्पन्नाचं कारण मला समजतं. समितीला पैसा लागतो, काटे दुरुस्त करायचे आहेत, ओटे फुटले आहेत. पण गाळ्यांसाठी पूर्वेच्या भिंतीकडे पडका गोदाम आहे. तीही जागा रस्त्याला लागून आहे आणि तिथे आज बाभळी वाढल्या आहेत. बारा नाही तर नऊ गाळे निघतील. हा पर्याय सभेत कोणी मांडला का? मांडला असेल तर तो का नाकारला, हे आम्हाला सांगा.

आणि समितीचा पैसा येतो कुठून, तेही एकदा मोकळेपणानं बोलू या. शेष, म्हणजे मालाच्या खरेदीवरची समितीची फी, व्यापारी भरतो, हे कागदावर खरं. पण तो आमच्याच मालावर बसतो आणि बोली लावताना व्यापारी तो धरूनच बोलतो. १९६३ च्या बाजार समिती कायद्यात बाजारनिधी कशावर खर्च करता येतो ते लिहिलं आहे. बाजारात येणाऱ्या माणसांसाठी आणि जनावरांसाठी निवारा, सावली, पाणी, ही कामं त्यात आहेत. म्हणजे नळ आणि शेड ही तुमची मेहेरबानी नसून तुमचं काम आहे. नियंत्रित बाजाराची कल्पनाच मुळी आपल्या भागात रुजली. कारंज्याचा कापूस बाजार १८८६ साली नियमात आला, वऱ्हाडासाठी बाजारांचा वेगळा कायदा १८९७ मध्ये झाला. तो कोणासाठी होता? गाडीत कापूस घालून आलेल्या माणसाला बाजारात कोणी नाडू नये म्हणून. तोच माणूस आज छोट्या मालगाडीत सोयाबीन घालून येतो, एवढाच फरक.

एक गोष्ट अजून राहिली, आणि मला ती सगळ्यांत जास्त टोचते.

यार्डात धान्य झाडणाऱ्या, चाळणाऱ्या बाया आहेत. ओट्यावर सांडलेला दाणा गोळा करतात, चाळण्या धरतात, दिवसभर धुळीत. त्यांना यार्डात बसायला दुसरी जागाच नाही. अडत्याच्या गादीवर त्या बसणार नाहीत, चहाच्या टपरीवर पुरुषांची गर्दी. हा शेडच तेवढा असा आहे जिथे बाई प्लेट घेऊन बिनधास्त बसते, कारण रांधणारीही बाई, वाढणारीही बाई. एकट्या शेती करणाऱ्या बाया आता माल घेऊन येऊ लागल्या आहेत, नवरा गेलेल्या, पोरं पुण्याला असलेल्या. आमच्याच गावची एक बहीण दोन वर्षांपासून स्वतःची तूर स्वतः आणते. पहिल्या वेळी ती फाटकातच बावरून उभी होती. मायनं तिला हाक मारली, "ये वो बाई, आंदी खाऊन घे, मंग पाहू कोणता अडत्या." त्या दिवशी ओट्याची जागा, कट्टे कसे मोजून घ्यायचे, पट्टीवर काय काय पाहायचं, सगळं तिला शेडमध्ये समजलं. समितीच्या कार्यालयात तिला हे कोणी सांगितलं असतं? चौकशीची खिडकी आहे तुमच्याकडे, पण ती साडेदहाला उघडते आणि माल साडेपाचला येतो. नऊ बायांचा गट आहे तो. त्या कमाईवर चार पोरींचं शिक्षण चालू आहे. या नऊ जणींना पर्याय म्हणून काय दिलं, तर गाळ्याच्या लिलावात बोली लावा, असं. अनामत रकमेचा आकडा ऐकूनच त्या गप्प झाल्या.

तर आमच्या मागण्या सरळ आहेत.

शेड रिकामा करण्याची नोटीस ताबडतोब मागे घ्या आणि ठराव स्थगित करा. पुढच्या सभेच्या आधी यार्डातच, हर्रास संपल्यावर, शेतकरी, हमाल-मापारी, झाडणाऱ्या बाया आणि हा बचत गट यांना बोलावून खुली बैठक घ्या; चर्चा काय झाली ते फलकावर लावा. नळ आठ दिवसांत सुरू करा, नाली उपसा, बायांसाठी कडी लागेल असं स्वच्छतागृह बांधा. गटाशी पाच वर्षांचा लेखी करार करा. भाव समिती आणि गट यांनी मिळून दर हंगामाआधी ठरवावा आणि पाटीवर लिहावा. सिलिंडर महागलं म्हणून पोहा १८ झाला तर आमची तक्रार नाही, कोणी मनमानी करू नये एवढंच. ऑक्टोबर ते मार्च शेड पहाटे पाचला उघडता यावा म्हणून तिथे दिव्याची सोय करा. गाळे हवेच असतील तर पडक्या गोदामाच्या जागेचा आराखडा आणि खर्च आमच्यासमोर ठेवा.

आम्ही फक्त मागून थांबत नाही. नालीसाठी श्रमदानाला आमच्या गावचे अकरा जण येतो म्हणाले आहेत, वार तुम्ही सांगा. नळाची पाइपलाइन महाग पडते असं असेल तर हंगामात गाडीमागे दोन रुपये पाण्यासाठी द्यायला आम्ही तयार आहोत. पावती मात्र पाहिजे.

या पत्राची प्रत सह्यांसह कार्यालयात आवक-जावक विभागात दिली आहे, पोच घेतली आहे. पुढच्या सभेपर्यंत उत्तर आलं नाही, तर आम्ही जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी तक्रार करू.

येत्या सोमवारी मी उरलेली तूर घेऊन येतो आहे. वडीलही येतील. सहा ते अकरा आम्ही शेडजवळच्या ओट्यावर असू. सभापती महोदय, आपण त्या वेळात या. आधी एक प्लेट पोहा खाऊ, मग बंद नळ, तुंबलेली नाली आणि तो पडका गोदाम मी आपल्याला चालत दाखवतो. सगळं मिळून वीस मिनिटं लागतील.

आपला,
एक शेतकरी,
आणि सोबत सह्या करणारे ६३ शेतकरी, हमाल, मापारी व यार्डात काम करणाऱ्या बाया